आजोबांचे चार वाफे

चहाचा वाडगा काठोकाठ भरला गेला आणि तिथून सगळं बिघडलं, असं सबिरमामा आजही सांगतो. त्याचं फारसं मनावर घेऊ नये. बिघडलं होतं ते चौदा महिने आधीच. फक्त आमच्या घरात त्यावर कुणी तोंड उघडलं नव्हतं. मी तेव्हा अल्मातीला परीक्षेत अडकले होते. ही हकिगत मला माझ्या आईकडून, आजीकडून आणि उल्बोसिनमामीकडून, अशी तिघींकडून तीन तऱ्हांनी कळली आहे. सबिरमामाची चौथी तऱ्हा मी धरत नाही, कारण तिच्यात शहाणा एकटा तोच असतो.

आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाचं जेवण आमच्याकडे चार माणसं बोलावून उरकता येत नाही. घोडा कापायचा, कुरणात तंबू उभारायचे, तीनशे माणसं जेवू घालायची, आणि मग दहा वर्षं कुणाच्या ताटात काय कमी पडलं ते ऐकत बसायचं. थोरला म्हणून सबिरमामा अल्मातीहून चार दिवस आधीच आला, तो गाडीच्या टपावर लोखंडी पाटी बांधून. पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: दोसिमखान बाग, बाराशे झाडं. जेवण झालं की पाहुण्यांना ट्रकमधून अस्वलघळीत न्यायचं, प्रत्येकाच्या हातून चार चार रोपं लावून घ्यायची, आणि वर ही पाटी रोवायची, असा त्याचा बेत होता. कुणाला विचारलं नव्हतं. पाटी बनवून झाल्यावर विचारण्यासारखं उरतंच काय?

रोपं कुठली, तर आमच्या घरामागच्या रोपवाटिकेतली. ती आमची एकट्याची नाही, आमच्या तासबुलाक गावातल्या अकरा घरांची आहे. पण ओढा आमच्या कुंपणाला लागून वाहतो म्हणून जागा आमची आणि राखण उल्बोसिनमामीची. आठ वर्षांपूर्वी अस्वलं गावात उतरायला लागली. तिच्या नवऱ्याची, तलापमामाची, दोन वासरं एकाच शरदात गेली. अस्वलांना तरी काय म्हणणार? घळीतली रानसफरचंदं निम्मी सरकारी शेतीच्या काळात फळबागेसाठी उपटली गेली, आणि उरलेली त्या वाईट वर्षांत, जेव्हा गावात वीज नव्हती आणि कोळसाही नव्हता, लोकांनी चुलीत घातली. मग बायकांनीच मनावर घेतलं. घळीच्या अगदी वर जी म्हातारी झाडं उरली होती त्यांची आंबट फळं गोळा करायची, कुटून बिया धुवायच्या, ओल्या वाळूत घालून हिवाळाभर बर्फाखाली ठेवायच्या आणि बर्फ वितळला की पेरायच्या. सहा वर्षांनी या शरदात लागवडीची परवानगी मिळाली होती. अट एकच: रोप रानाच्याच बियांचं हवं, बागेतलं एकही नको. बागेतलं सफरचंद घळीत फुललं की मधमाश्या ते सगळीकडे नेतात, आणि दोन पिढ्यांनी रानातलं म्हणावं असं झाडच उरत नाही. पानं तपासून सही करायला अल्मातीच्या संस्थेतली एक बाई यायची होती, आणि तिला जेवणाचंही आमंत्रण होतं.

सबिरमामाला हवे होते ते वाफे मात्र नेमके चार. आजोबांनी शेवटच्या उन्हाळ्यात रोज पहाटे उठून, कुणाला हात लावू न देता सांभाळलेले.

मामीला त्या चार वाफ्यांचं खरं जुलैतच कळलं होतं. इतर वाफ्यांतली पानं लहान आणि गुळगुळीत. या चारांतली तळहाताएवढी, खालून लव असलेली. तिनं एका रोपाच्या बुडाचं गवत बोटानं बाजूला सारलं, तर खोडाला वीतभर उंचीवर गुडघा होता आणि त्यावर पांढऱ्या चिंधीचा कुजका तुकडा. डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या झाडाची कळी सालीत बसवलेली. सगळ्या बाराशे रोपांना. आमच्या अंगणातल्या, आजोबांनी स्वतः बीपासून वाढवलेल्या त्या मोठ्या गोड सफरचंदाचा.

ती तिथेच मातीत बसली. चिंध्या तिनं आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येही पाहिल्या होत्या, अगदी ताज्या बांधलेल्या. तेव्हा मनात शंका आली होती. पण सासऱ्याच्या कामात सून बोट घालत नाही. आमच्याकडे सून सासरच्या थोरल्यांचं नावसुद्धा घेत नाही. सबिरमामाला ती ‘मिर्झा-आगा’ म्हणते, माझ्या आईला ‘मास्तरीणबाई’, आणि आजोबांना नुसतं ‘ते’. ज्याचं नाव घेता येत नाही त्याला जाब कसा विचारणार? जुलैमध्ये तिनं नवऱ्याला सांगितलं. तलापमामा घोड्याचा नाल बघत होता. तो म्हणाला, वर्षाचं होऊ दे, मग बघू. तलापमामाचं सगळंच मग असतं.

तर तो चहा. सूनबाई, म्हणजे मामी, समोवारापाशी, चहाच्या तोटीच्या भांड्यापाशी, दाराच्या बाजूला. आजी दारासमोरच्या मानाच्या जागी. मधे अंथरलेल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि साय. आमच्याकडे वाडग्यात चहा दोन घोटांपुरताच ओततात. जितका कमी तितका मान, म्हणजे वाडगा पुन्हा पुन्हा तिच्याकडे फिरतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे प्या आणि निघा. सबिरमामा पाटी कुठल्या कड्यावर रोवली तर रस्त्यावरून दिसेल ते सांगत होता. मामी ऐकत होती, तोटी उघडी होती. वाडगा भरला, तिनं तो न बघता पुढे केला. माझ्या आईनं पाहिलं, मधेच घ्यायला हात लांबवला, पण उशीर झाला होता.

सबिरमामानं वाडगा दस्तरखानावर ठेवला. एक थेंब सांडला.

“मला निघायला सांगतेस का, उल्बोसिन?”

“नाही, मिर्झा-आगा. माझं लक्ष नव्हतं.” तिनं वाडगा परत घेतला, ओतून टाकला, नीट दोन घोट भरले. आणि मग, आता अब्रू गेलीच आहे तर जाऊ दे म्हणून असेल, बोलून मोकळी झाली. “ती रोपं घळीत लावता येणार नाहीत.”

मग तिनं सगळं सांगितलं. पानं, गुडघे, चिंध्या. ती बाई आली की पहिल्या पानालाच ओळखेल आणि मग हे चारच नाही, अकरा घरांचे सगळे वाफे नाकारले जातील. समजा ओळखलं नाही, तर त्याहून वाईट: दहा वर्षांनी घळीतली शेवटची म्हातारी झाडं या परागांनी बाटतील, आणि ती बाटली की पुन्हा आणायची कुठून?

“डोळे भरले कुणी?” सबिरमामानं विचारलं.

“त्यांनी.”

तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं ते कोण. माझी आई, झौरेश, ताल्दीकोर्गानला शाळेत शिकवते आणि घरातही तिचा फळा भिंतीवर असतोच. ती म्हणाली, की गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं, तो उठून उत्तर देत नाही. हे तिनं म्हटलं, आणि तिला आजही त्याची लाज वाटते. पण त्या घटकेला ती भावाच्या बाजूनं होती. नणंद-भावजयीचं आमचंही जगासारखंच आहे. सबिरमामाला तेवढाच जोर आला. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून आईबापांनी हिचं नाव उल्बोसिन, म्हणजे ‘मुलगा होवो’, असं ठेवलं, तो काही झाला नाही, पण जीभ मात्र मुलाची मिळाली, असं तो हसत म्हणाला. त्या हसण्यात कुणी सामील झालं नाही. मग त्यानं सरळ विचारलं, चिंध्या दिसल्या होत्या तर तेव्हाच का बोलली नाहीस?

मामीनं समोवारची तोटी बंद केली. “तुमच्या घरात सासऱ्याला सून विचारते का, मिर्झा-आगा? मी विचारलं असतं तर तुम्हीच मला काय म्हणाला असतात?”

आई सांगते, की हे वाक्य ऐकलं आणि तिला स्वतःचं सासर आठवलं. तिथे सासूबाई आजारपणात चुकीची गोळी घेतायत हे तिला दिसलं होतं, आणि नवी नवरी म्हणून ती आठवडाभर गप्प राहिली होती. म्हातारी वाचली, तो भाग वेगळा. आईनं आपला वाडगा उचलला आणि जागा बदलून मामीच्या शेजारी, दाराच्या बाजूला जाऊन बसली. सबिरमामानं ते पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मग आता काय, उपटून फेकायची?” तो म्हणाला.

“उपटायची नाहीत. डोळ्याच्या खाली कापायची. खुंट रानाचाच आहे, मुळं जिवंत आहेत. वसंतात खालून फुटेल ते रानाचं फुटेल.”

“म्हणजे बापाच्या वर्षाच्या जेवणाला बापाच्या हातची झाडं कापायची. पाहुण्यांना दाखवू काय, खुंट?”

ते खरंच होतं. मामी म्हणते, तेव्हा तिला सगळ्यात जास्त वाईट सबिरमामासाठीच वाटलं. त्यानं बापाला शेवटच्या उन्हाळ्यात एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे बापाचं म्हणावं असं ही बाराशे रोपंच होती.

तेव्हा तलापमामा बोलला. तो बोलला की सगळे ऐकतात, कारण सवय नसते. तो आजीकडे, त्याच्या अपाकडे, बघत म्हणाला, “विचारलं नाही तो दोष एकट्या हिचा नाही. एप्रिलमध्ये ही महिनाभर माहेरी होती. अपा कात्री घेऊन त्या वाफ्यांत होती, रोपांचे शेंडे उडवत होती. मी विचारलं. म्हणाली, सशानं कुरतडलंय, ते सरळ करतेय.”

डोळा भरलेल्या रोपाचा वरचा रानशेंडा वसंतात उडवावा लागतो, नाहीतर डोळा झोपून राहतो. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ससा काही बाराशे रोपं ओळीनं, एकाच उंचीवर, तिरपी कापत नाही.

आजीनं आपला वाडगा आडवा केला, म्हणजे पुरे, आणि उठली. तिच्यासाठी सगळेच उठले. ती कोट न घालता मागच्या दारानं रोपवाटिकेत गेली, आणि हे चौघं तिच्या मागून.

दोनदा हिमकण पडून गेले होते. पानं पिवळी झाली होती, पण चार वाफ्यांतली अजून बरीच धरून होती. आजी पहिल्या ओळीशी थांबली. तिच्या मनात काय होतं ते तिनं मला फार पुढे सांगितलं: तिला सारखं वाटत होतं की कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, मग खोटं बोलावं लागलं नसतं. खोटं तिनं आयुष्यात फारसं बोललेलं नव्हतं आणि सशाचं नाव सांगताना तिला हसूही आलं होतं.

तिनं सांगितलं ते असं. डॉक्टरांनी जून महिन्यात आजोबांना काय ते सांगून टाकलं होतं. त्यानंतर रोज पहाटे ते दोघं इथे यायचे. आजोबा चाकूनं साल उघडून डोळा बसवायचे, ती चिंधी बांधायची. चिंध्या तिच्या पेटीतल्या. आमच्याकडे म्हातारं, भरल्या घरचं माणूस गेलं की अंत्यविधीला आलेल्यांना कापडाचा एकेक तुकडा देतात, त्या माणसाचं वय आपल्याला लागावं म्हणून. आजीनं चाळीस वर्षं ते तुकडे जपले होते. निम्मी पेटी त्या रोपांना बांधून संपली. आणि आजोबा म्हणाले होते, की घळ मीच उजाड केली, तेव्हा मी वीस-बावीसचा होतो, ट्रॅक्टरला साखळी लावून रानसफरचंदं ओढून काढली, बाग करायला. ती बाग दोन कडक हिवाळ्यांत मेली. आता परत द्यायचीच आहे तर अस्वलांना आंबट कशाला द्यायची? गोड देतो. माझ्याकडे आहे त्यातलं सगळ्यात चांगलं देतो.

ट्रॅक्टरची गोष्ट त्यांच्या एकाही मुलाला माहीत नव्हती.

“अपा,” सबिरमामा म्हणाला, “म्हणजे ही शेवटची इच्छा होती त्यांची.”

“हो.”

“मग?”

“मग काय? म्हाताऱ्यानं ती घळ एकदा साखळीनं उजाड केली, गावाचं भलं होईल म्हणून. दुसऱ्यांदा चाकूनं करायला निघाला, तेही भलं होईल म्हणून. मी दोन्ही वेळा शेजारी उभी होते. पहिल्यांदा झाडांवरची फळं बघून माझ्या मनात आलं होतं, की हे उपटू नये. पण मी नवी सून होते, बोलले नाही. या खेपेला मी काय कारण सांगू, सबिर?” मग ती मामीकडे वळली. “तू माहेरी जाण्याची मी वाट बघितली. तू असतीस तर तुला कळलं असतं. आणि कळूनही तू बोलली नसतीस, हेही मला माहीत होतं. म्हणून जास्त वाईट वाटतं.”

तिनं कात्रीसाठी हात पुढे केला. मामी म्हणाली, मी कापते, काम माझं आहे.

“बांधलं मी. कापणारही मीच.”

आजी गुडघ्यावर बसली. तिचे गुडघे वाजले तेवढाच आवाज. पहिलं रोप तिनं खोडाच्या गुडघ्याखाली कापलं, ते शेजारच्या रोपांवर कललं आणि अडकून राहिलं. तिनं ते हातानं सोडवून बाजूला ठेवलं. दुसरं कापलं. तिसऱ्याला तिचा हात थांबला आणि ती रडायला लागली, अगदी सरळ, तोंड न झाकता. कुणी तिला उठवायला गेलं नाही. रडत रडतच तिनं ते कापलं.

सबिरमामा पाठ करून उभा होता. मग वळला, खाली पडलेली एक काडी उचलली आणि विचारलं, “ही फेकायची?” मामीनं सांगितलं, फेकायची गरज नाही, पानं काढून ओल्या वाळूत पुरली तर एप्रिलपर्यंत जिवंत राहते, तिच्यावरचा प्रत्येक डोळा दुसऱ्या खुंटाला भरता येतो. फक्त इथे नाही. खाली मैदानात, शहराकडे, कुणाच्याही बागेत, जिथून मधमाशी घळीपर्यंत पोचत नाही. तेव्हा माझी आई आजीला म्हणाली, अपा, पेटीत अजून निम्मे तुकडे आहेत ना?

दोन दिवस सगळे खपले. आजी आणि मामी कापत होत्या, तलापमामा पानं काढत होता, आई जुडगे करत होती, आणि ज्यानं आयुष्यात सुई धरली नव्हती तो सबिरमामा दाराशी बसून कापडाच्या पट्ट्या फाडत होता. चार चार काड्यांना एक पट्टी. त्याची पाटी शेवटी कामाला आली: वाळूच्या खड्ड्यावर झाकण म्हणून नेमकी बसली. अजूनही तिथेच आहे, अक्षरं खालच्या बाजूला.

जेवण छान झालं. मांस कमी पडलं असं म्हणणारे दोघं निघाले, ते प्रत्येक जेवणात निघतात. पाहुणे उठायला लागले तेव्हा आजी तंबूच्या दाराशी बसली आणि प्रत्येकाच्या हातात पट्टी बांधलेल्या काड्या देत गेली. खालच्या गावांना आणि शहराकडे जाणाऱ्यांनाच. वरच्या वस्तीवाल्यांना तिनं नुसतं कापड दिलं आणि कारणही सांगितलं, लपवलं काही नाही. बाराशे खुंट कुंपणापलीकडे सगळ्यांना दिसत होते.

संस्थेतली बाई वाफे फिरून आली होती. इतर वाफ्यांच्या कागदावर तिनं सही केली. खुंटांचं वसंतात फुटवे बघून ठरवू म्हणाली. मग तिनंही काड्या घेतल्या, वास घेतला, आणि वही उघडून मामीला विचारलं, की या सफरचंदाचं नाव काय. मामी म्हणाली, आम्ही ‘अंगणातलं’ म्हणतो. बाई म्हणाली, असं नाव लिहिता येत नाही, ज्यानं तयार केलं त्याचं नाव घालते, कोण ते?

मामीनं आजीकडे पाहिलं. माझ्या आईनं तिची सुटका करायला तोंड उघडलं, पण आजीनं बसल्या जागेवरून हात वर करून तिला थांबवलं.

“हीच सांगेल,” आजी म्हणाली. “वाफे हिचे आहेत. सांग मुली, माझी ना नाही.”

लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत ते नाव मामीच्या ओठांवर आलं नव्हतं. मरणाच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावतानाही तिनं ‘ते गेले’ एवढंच म्हटलं होतं. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला.

“दोसिमखान,” ती म्हणाली.

बाईला ऐकू आलं नाही. बाहेर घोड्यांवर खोगिरं चढत होती, गडबड होती. तिनं पुन्हा विचारलं.

दुसऱ्यांदा मामीनं ते इतक्या मोठ्यानं सांगितलं, की ओढ्यापाशी घोडे सोडणाऱ्या माणसांनी माना वळवल्या, आणि सबिरमामा कुणीतरी बापाला हाक मारली असं वाटून तंबूतून धावत बाहेर आला.